फोर्कलिफ्टचे टायर आणि फरशीवरच्या काळ्या पट्ट्या

प्रति,
मा. व्यवस्थापक,
पूर्व उपनगर ग्रंथ वितरण सहकारी संस्था (मर्यादित),
गोदाम विभाग, मुलुंड (पश्चिम).

विषय : फोर्कलिफ्टला काळे भरीव टायर घेणे व चालक श्री. धम्मपाल खिल्लारे यांची नोटीस रद्द करणेबाबत.
संदर्भ : फरशीवरील काळ्या पट्ट्यांविषयी आपली गेल्या महिन्यातील नोटीस.

महोदय,

मी संस्थेचा जुना सभासद व निवृत्त ग्रंथपाल. गेल्या सभेत मला टायर निवड समितीवर घेण्यात आले. मला वाचायला वेळ असतो, एवढीच माझी पात्रता. मी हरकत घेणार होतो, पण हात वर करेपर्यंत चहा आला. समितीत मी एकटाच आहे. तरीही आमचे एकमत व्हायला पंधरवडा लागला.

गोदामाच्या नव्या, गुळगुळीत इपॉक्सी लेपाच्या फरशीवर काळ्या पट्ट्या उमटतात. त्या फोर्कलिफ्टच्या काळ्या टायरांच्या असल्याचे ठरवून आपण श्री. खिल्लारे यांना येत्या सोमवारपासून कामावरून कमी करण्याची नोटीस दिली आहे. पुढे असे घडू नये म्हणून पांढरे, डाग न पाडणारे टायर घ्यावेत, असेही सुचवले आहे.

त्यासाठी मी साकीनाक्याला टायरवाले केयूरभाई यांच्याकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काका, गाडी फिरते कुठे?” मी ठामपणे ‘गोदामात’ असे सांगितले. मी सहसा ठामपणे बोलत नाही, आणि बोललो की चुकतो. परत येऊन दिवसभर आवारात बसलो, तेव्हा कळले की गाडी बहुतेक वेळ बाहेर, ट्रकपासून दारापर्यंत असते. तिथे खडी आहे आणि फुटक्या खोक्यांचे खिळे आहेत. हवेचे टायर तिथे पंक्चर होतील. पांढरे लवकर झिजतील. भरीव काळे टिकतील, असे माझे मत आहे, आणि केयूरभाईंचेही आहे, म्हणून ते मांडण्याचे धाडस करतो.

तरी आपल्या सूचनेचा मान राखून नमुन्यादाखल पांढरे टायर बसवले. हळदकुंकू वाहिले, चाकांखाली लिंबे ठेवली. आठवड्याभरात टायर त्या लिंबांच्या लोणच्यासारखे दिसू लागले. फरशीवरच्या पट्ट्या मात्र काळ्याच राहिल्या व वाढल्या. श्री. खिल्लारे यांनी मला विचारले, “काका, आता काय मी चपला पण पांढऱ्या घालू?” समितीने त्यांच्या चपला तपासल्या. त्या निळ्या आहेत.

मग मी पट्ट्यांच्या मागे चालत गेलो. त्या फाटकाकडून आत येतात, पाठ्यपुस्तकांच्या थप्प्यांना वळसा घालतात आणि मोठ्या पंख्याखाली, जिथे उन्हापासून जपण्यासाठी आपली मोटार उभी असते, तिथे संपतात. पट्टी मोजली. फोर्कलिफ्टच्या चाकाशी जुळेना, मोटारीच्या चाकाशी जुळली. मला वाकलेले पाहून झाडूवाल्या शेवंतीबाई म्हणाल्या, “सायबांची गाडी वळताना कुंई करते ना, तवाच उमटतात. सगळ्यांना ठाऊक हाय.” समितीला ठाऊक नव्हते. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे माझी चूकही झाली असेल. आपण स्वतः मोजून खात्री करावी.

पांढरे टायर घ्यायचेच असतील तर ते मोटारीला बसवावेत, असे लिहिणार होतो. परंतु ते मोटारीच्या मापात येत नाहीत, असे केयूरभाई सांगतात.

सबब विनंती की, फोर्कलिफ्टला काळे भरीव टायर मंजूर करावेत, सोमवारपूर्वी नोटीस मागे घ्यावी आणि मोटार आवारात उभी करावी. तिथे खिळे आहेत, हे वर नमूद केलेच आहे. मात्र श्री. खिल्लारे म्हणाले, तेवढी जागा ते रोज सकाळी झाडून देतील.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा व त्याला थोडा घाबरणारा,

बाळ महादेव मेस्त्री
(टायर निवड समिती, संपूर्ण)
मुलुंड, दि. ९ मे २०२५

सोबत : १. पट्ट्यांचा फोटो.
२. मोजपट्टी (घरची आहे, परत मिळावी).