रोजचं की सध्यापुरतं?

सोमवार, ३ जून

आज वर्गात पुन्हा हसं! ओसोरिओ मास्तरांनी विचारलं, "डू यू ड्रिंक टी?" मी म्हटलं, "नो." हातात कप कुठे होता? सगळे खो खो! "एर्मिन्याबाई, चहा पिता का, असं विचारलं. पीत आहात का, असं नाही. एक रोजचं, एक सध्यापुरतं."

साठीत इंग्रजीची हौस कुणाला? पण सून पडली सीमेपलीकडची, मलावीची. तिला आमची पोर्तुगीज येत नाही. मुलगा आबिलियु तिकडेच गॅरेजात कामाला. रविवारी फोनवर तोच आमचं भाषांतर करतो — आणि निम्मं गाळतो, मेला!

गुरुवार, ६ जून

आज सूनबाईला मीच फोन केला. "तियामिके, व्हॉट डू यू कुक?" पोरीनं सगळा स्वयंपाक ऐकवला — घाटा, घेवडा, सुकी मासळी, थांबेचना! मला फक्त आजचं हवं होतं. शेवटी दोघी हसत सुटलो.

ठरलं. यापुढे सगळ्याला 'आर यू'च लावायचं.

शनिवार, ८ जून

विचारायचं एवढंच होतं, की नवऱ्याबरोबर सुखात राहतेस ना. "आर यू लिव्हिंग विथ आबिलियु?"

पलीकडून हुंदका. "आई, हू टोल्ड यू?"

फोन तसाच घेऊन शेजारी मास्तरांकडे पळाले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. आबिलियु ईस्टरपासून दुसऱ्या बाईकडे राहतो. रविवारी माझ्या फोनपुरता घरी येऊन बसतो. आईला सांगशील तर बघ, असा तिला दम दिलाय.

"तुम्ही विचारलंत, 'सध्या तरी त्याच्याबरोबर आहेस का?'" मास्तर हळूच म्हणाले. "तिला वाटलं, तुम्हाला सगळं कळलंय."

रविवार, ९ जून

आबिलियुचा फोन. मी सरळ विचारलं. "आई, तू यात पडू नकोस. तसं काही नाहीये."

म्हटलं, "बाळा, तू खोटं बोलतोस, की सध्यापुरतं बोलतो आहेस?"

फोन ठेवला त्यानं. मी मात्र नंतर जेवले नाही.

बुधवार, १२ जून

तियामिकेला फोन. "कम," एवढंच म्हटलं. त्याला काय लावायचं असतं, कुणास ठाऊक. तिला कळलं.

शनिवार, १५ जून

सायकल-टॅक्सीवरून उतरली — एक पिशवी, सुजलेले डोळे. मास्तर कुंपणावरून अदबीनं म्हणाले, "व्हेअर आर यू स्टेइंग?"

"चुकलात, मास्तर!" मी म्हटलं. "'व्हेअर डू यू लिव्ह' विचारा."

त्यांनी विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "हिअर," म्हणाली.