सात नंबरला काढा, असं मी लिहिलं होतं

बेलवली, बदलापूर (पश्चिम)
रविवार, सकाळचा चहा झाल्यावर

ती. जयदेवदादांस,

धाकट्या महेंद्रचा सविनय जयभीम. वहिनींनाही जयभीम सांगा. तुमचा गुडघा आता कसा आहे? भुसावळला म्हणे ऊन फार झालंय, तेव्हा दुपारचं बाहेर पडू नका आणि पडलात तर वहिनींना सांगून पडा. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. हे वाक्य मी गेले तीन आठवडे कुणालाही लिहू शकलो नसतो, आज लिहितोय आणि लिहिताना पेन हलकं लागतंय. फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही ‘बरं’, ‘असं का’ आणि ‘ठेवतो’ एवढ्या तीन पासमध्ये मला मैदानाबाहेर काढता. पत्राला तशी सोय नाही. शेवटपर्यंत वाचावं लागेल.

तुम्हाला माझं वेड ठाऊक आहे. अमेरिकेतलं बास्केटबॉल आपल्याकडे पहाटे सहाला सुरू होतं, आणि एमआयडीसीची बस मला सव्वासातला घ्यायला येते. म्हणजे देवाने नाही म्हटलं तरी टाइमटेबलने मला या खेळासाठीच जन्माला घातलंय. संध्याकाळी फुटबॉल. कोणता संघ जिंकेल, कुणाला ठेवावं, कुणाला विकावं, कुणाच्या जागी कोण घ्यावा, याच्या याद्या मी वीस वर्षं करतोय. (त्या याद्या अमेरिकेला अजून पोचलेल्या नाहीत, त्यामुळे तिकडे जे चाललंय ते तुम्ही बघताच.) शीला म्हणते, किराण्याची यादी लिहायला सांगितली की तुमचा हात दुखतो.

यंदा आपल्याकडेच ‘उल्हास खोरं प्रो लीग’ सुरू झाली. पगारी खेळाडू, करार, लिलाव, सगळं व्यवस्थित. प्रत्येक क्लबाची एक फुटबॉल टीम आणि एक बास्केटबॉल टीम. आपला क्लब ‘वालधुनी वाघ’. मालक नारीशेठ, उल्हासनगर कॅम्प पाचमधले, पडद्याच्या कापडाचे व्यापारी. मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाकितं टाकायला लागलो आणि, दादा, काय योग होता माहीत नाही, लागोपाठ चार सामन्यांचे निकाल बरोबर आले. पाचव्याच्या आदल्या दिवशी नारीशेठचा फोन. मी कंपनीच्या लॅबमध्ये सँपल तपासत होतो, ते तसंच ठेवून बाहेर आलो. (नंतर ते सँपल पुन्हा घ्यावं लागलं, ते सोडा.)

दुकानात गेलो तर शेठने मला पडद्यांच्या गठ्ठ्यावर बसवलं, समोसा मागवला आणि म्हणाले, “साईं, कपडे का नॉलेज मेरे पास है, खेल का आपके पास. दोनों टीम में किसको रखना, किसको निकालना, लिख के दो.” आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी यादी मागितली! घरी येऊन मी चार फुलस्केप भरले. फुटबॉलमध्ये गोलकीपर भगवंत याला सोडावं, वय झालं, उडी मारण्याआधी विचार करतो. बास्केटबॉलमध्ये सात नंबरला काढावं. त्याच्याबद्दल मी काय लिहिलं ते शब्दशः देतो, म्हणजे पुढचा अनर्थ कळेल: ‘सात नंबर हा खेळाडू नसून पोस्टमन आहे. आलेला चेंडू दुसऱ्याच्या पत्त्यावर पोचवतो. स्वतः बास्केट मारायची वेळ आली की सभ्य होतो. अशा सभ्य माणसाला घरी बसवावं.’

यादी कपाटात राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण शेठना ती इतकी आवडली की त्यांनी तिचा फ्लेक्स केला. अंबरनाथ स्टेशनबाहेर, रिक्षा स्टँडच्या डोक्यावर, एका नगरसेवकाच्या वाढदिवसाशेजारी माझा हात जोडलेला फोटो, खाली ‘संघनिवड तज्ज्ञ महेंद्रजी’ आणि त्याखाली पोस्टमनवालं वाक्य, लाल अक्षरात. दोन दिवस कंपनीत सगळे मला तज्ज्ञ म्हणत होते. मी पण चालताना थोडा हळू चालायला लागलो.

आता मुख्य गोष्ट. तुमची पुतणी सई. तिचं एका मुलाशी जमलंय, हे तिने आईला सांगितलं, आईने मला अर्धंच सांगितलं. मुलगा बदलापूर पूर्वेचा, आपल्यातलाच, पाण्याच्या मीटरच्या कंपनीत चांगल्या कामाला, रविवारी दहाला घरची मंडळी येणार. “आणि खेळाचा विषय काढायचा नाही,” एवढी तंबी. मी नवा शर्ट घातला. दहाला बेल वाजली. दारात आधी मुलाची आजी गयाबाई, मग आई यशोधराताई, आणि त्यांच्या मागे दरवाज्याच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकलेला, दादा, सात नंबर!

नाव आकाश. जर्सी नव्हती तरी मी ओळखलं, कारण आत येताच समोरची खुर्ची त्याने आजीकडे पास केली. तो मला बघून थांबला. मी त्याला बघून थांबलो. सई माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिच्या लग्नाच्या साडीवर बॅटरीचं पाणी सांडलंय. तिने आकाशचं खेळणं आईला सांगितलं होतं, आईने मला मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण मग मी त्याचा खेळ सुधारायला बसलो असतो. फ्लेक्स त्या दोघींनी बघितलाच नव्हता, पण आम्ही दोघं थबकलो त्यावरूनच सईने ओळखलं की मी काहीतरी करून बसलोय. गयाबाईंनी बघितला होता. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, फोटो मोठा केला, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

“हे तुम्हीच ना?”

मी म्हटलं, फोटो माझाच आहे.

“माझ्या नातवाला पोस्टमन म्हणाला ते?”

यशोधराताई म्हणाल्या, “आई, राहू दे ना.” आकाश मात्र अगदी शांतपणे म्हणाला, “आजी, जे लिहिलंय ते खोटं नाहीये. शेवटच्या मिनिटाला माझा हात जड होतो.” दादा, त्या क्षणी मला तो पोरगा इतका आवडला आणि स्वतःचा इतका राग आला की काय सांगू. मी बोलायला गेलो ते नीट जमलं नाही. शीला चहा घेऊन आली तेव्हा गयाबाई उभ्या राहिल्या होत्या. “ज्या घरात आमच्या पोराला घरी बसवायला सांगतात, त्या घरात आम्ही तरी कशाला बसायचं?” एवढं बोलून त्या जिना उतरल्या. चार कप चहा ओट्यावर गार झाला. सई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “पप्पा, तुम्ही कधी बॉल हातात घेतलाय?”

(लहानपणी तुम्ही मला चेंडू आणायला नाल्यापलीकडे पाठवायचात, ते धरलं तर घेतलाय.)

त्यानंतरचा आठवडा मी कुणाला देणार नाही. डब्यात भाजी असायची, बोलणं नसायचं. सई कामाला जाताना ‘येते’ म्हणायची ते दाराला म्हणायची. मी पहाटेचं बास्केटबॉल लावलं तर शीला मिक्सर लावायची, चटणी नसली तरी. शेवटी बुधवारी मी कॅम्प पाचला गेलो आणि शेठना म्हटलं, यादी मागे घेतो, सात नंबरला ठेवा. शेठ म्हणाले, “साईं, थान कट गया तो वापस नहीं होता.” भगवंतला सोडून झालं होतं, त्याला बारवी बहाद्दर या बदलापूरच्या क्लबाने उचललंही होतं. आकाशला सोडल्याचं पत्र टाइप झालं होतं, फक्त सही बाकी होती, आणि सही ते सोमवारी करणार होते. तेवढ्यात एक बाई पडदे बघायला आल्या आणि माझा विषय संपला.

शनिवारी फुटबॉलची उपांत्य फेरी, आपले वाघ विरुद्ध तेच बारवी बहाद्दर. माझं भाकीत सोसायटीच्या ग्रुपवर होतंच, तीन शून्य. सामना शून्य शून्य सुटला. पेनल्टी आल्या. समोर गोलात कोण? भगवंत. उडी मारण्याआधी विचार करतो असं मी लिहिलं होतं ना, तो खरंच विचार करत होता. आपला माणूस पळत यायचा, भगवंत शांतपणे त्याच्या पायाकडे बघायचा आणि मग बरोबर त्याच बाजूला जाऊन पडायचा. तीन पेनल्टी अडवल्या. आपले वाघ घरी. सामना संपल्यावर भगवंत हातमोजे काढत सरळ माझ्याकडे आला. मला वाटलं, आता पडते. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला. म्हणाला, “दादा, तुमच्यामुलं बरं झालं. थं बारवीत मी कॅप्टन झालोय.” पाठीमागे नारीशेठ उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

दादा, माझ्या वीस वर्षांच्या अभ्यासाचा असा बोऱ्या वाजताना मला आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण शेठ जवळ आले आणि म्हणाले, “साईं, तुमने जिसको निकाला, उसने हमको निकाला. अब सात नंबर को मैं मरते दम तक नहीं छोड़ूंगा.” खिशातून आकाशचं पत्र काढून त्यांनी तिथेच फाडलं. मी त्यांना मिठी मारली. त्यांना वाटलं मी सांत्वन करतोय.

रविवारी संध्याकाळी बास्केटबॉल, पुन्हा त्याच क्लबाशी. मी न बोलण्याचं ठरवून मागच्या रांगेत बसलो. दोन रांगा पुढे गयाबाई, शेजारी सई. (मला कुणी बोलावलं नव्हतं, तिकीट काढून आलो होतो.) सामना इतका चिकटून चालला की मी दोनदा पाण्याची बाटली उघडली आणि दोनदा न पिता बंद केली. शेवटची आठ सेकंदं, आपण एका गुणाने मागे, चेंडू आकाशच्या हातात. मी उठून बाकावर कधी उभा राहिलो ते मला आठवत नाही. “मार! आकाश, मार! स्वतः मार!” असा ओरडलो की सगळ्या हॉलने माझ्याकडे बघितलं. बारवीचे दोघं खेळाडू झेपावले ते थेट आकाशवर. आणि आकाशने काय केलं? पास दिला! दोघांच्या मधून, जमिनीवर एक टप्पा, पलीकडे बास्केटखाली एकट्याच उभ्या असलेल्या आपल्या अल्पेशला. अल्पेश एवढा उंच आहे की त्याला उडी मारावी लागत नाही. त्याने चेंडू नुसता वर ठेवला. भोंगा वाजला.

मी बाकावरून खाली उतरलो. गयाबाई वळल्या. मला वाटलं होतं त्या बोलणार नाहीत. त्या म्हणाल्या, “आता लिहा!”

बाहेर आकाश भेटला, घामाने निथळत. मी माफी मागायला लागलो तर म्हणतो, “काका, तुम्ही ओरडलात म्हणून ते दोघं माझ्यावर आले. म्हणून तर अल्पेश मोकळा राहिला.” हे खरं की माझं मन राखायला, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. इतकी वर्षं मी फक्त बास्केट कोण मारतो तेच बघत आलो. चेंडू तिथपर्यंत कोण पोचवतो, हे बघायला मला पोटच्या पोरीचं स्थळ मोडायची वेळ यावी लागली. सई जवळ आली, माझी बाटली घेतली आणि त्याला दिली. पण ‘पप्पा, चला’ असं म्हणाली. रिक्षात मी त्या दोघांच्या मधे बसलो आणि घर येईपर्यंत बाहेर बघत होतो, मधे बसून जेवढं बघता येतं तेवढं.

परवा मंडळी पुन्हा आली. गयाबाईंनी दोन कप चहा घेतला, दुसरा मागून. साखरपुडा पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, आपल्या विहाराच्या हॉलमध्ये. तुम्ही आणि वहिनी आठ दिवस आधी यायचं. फ्लेक्स उतरवला, कापड मजबूत आहे, शेठनी मलाच दिलं, गच्चीवर पाण्याच्या टाकीला घातलंय, मी उताणा आभाळाकडे हात जोडून पडलेला असतो. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच काल दुपारी मला झोप लागली.

तुमचा,
महेंद्र

ता. क. साखरपुड्याच्या तारखेचं कळवायला फोनही पुरला असता. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. त्या पहिल्या रविवारी गयाबाईंनी मोबाइल पुढे धरला तेव्हा मी म्हणालो की फोटो माझा, नाव माझं, पण मत आमच्या थोरल्या भावाचं. ते रेल्वेच्या संघातून खेळलेले, फार कडक, त्यांनी भुसावळहून जसं सांगितलं तसं मी उतरवून काढलं, आमच्यात थोरल्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. दादा, तोंडातून गेलं. तेव्हा साखरपुड्याला गयाबाई तुम्हाला भेटल्या की तुम्ही ‘चुकलो’ एवढंच म्हणावं. एकच शब्द आहे. नेहमीचे तुमचे तीन असतात.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, शीलाने उघडायला लावलं. तिचं म्हणणं, गयाबाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जिना उतरतानाच त्या तिला म्हणाल्या होत्या, “भुसावळात बसून आमच्या पोराचा खेळ बघतो, एवढी लांबची नजर कुणाची असते गं?” आणि परवा दुसरा कप घेताना म्हणाल्या, आपलं पाप बिनधास्त ज्याच्या नावावर टाकता येतं असा थोरला भाऊ असायला नशीब लागतं, त्या भावाला मला बघायचंय. तेव्हा दादा, याच. ‘चुकलो’ मी म्हणतो. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा.