शेवटचा क्रमांक मिळणेबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
नगर क्रीडा कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : निकालपत्रकातील ‘गैरहजर’ हा शेरा रद्द होऊन अर्जदारास शेवटचा क्रमांक मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदारास ‘पादचारी’ ठरविणारे आपले उत्तर.

महोदय,

१. अर्जदार छापखान्यात हजेरीपत्रक लिहिते. वय चौपन्न. धावू लागून सहा वर्षे झाली. या काळात ती कोठेही पहिली आलेली नाही, पुढे येण्याची चिन्हे नाहीत, आणि त्याबद्दल तिची कोणाविरुद्ध तक्रार नाही. तिला धावणे आवडते, एवढेच.

२. आपल्या कार्यालयाच्या एकवीस किलोमीटर शर्यतीत अर्जदार सकाळी सहा वाजता धावू लागली. सुरुवातीच्या यादीत तिची सही आहे. सोळाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. तो चोळून ती पुढे निघाली आणि नऊ वाजून एकेचाळीस मिनिटांनी शेवटास पोहोचली. तोवर कमान उतरली होती, घड्याळ खोक्यात गेले होते आणि नोंदीचे टेबल कोणी उचलले ते कळले नाही. फक्कीची पांढरी रेघ मात्र रस्त्यावरून कोणाला उचलता आली नव्हती. खुर्च्या भरणारा मांडववाला म्हणाला, “ओ ताई, जरा बाजूला व्हा, टेम्पो मागे घ्यायचाय.” अर्जदार बाजूला झाली नाही. तिने रेघ ओलांडली. मांडववाल्याने हातातल्या खुर्च्या खाली ठेवून टाळ्या वाजविल्या. अर्जदाराच्या वाट्याला आलेल्या टाळ्या त्या तेवढ्याच, कारण तिच्या यजमानांच्या एका हातात टॉवेल व दुसऱ्यात चपला होत्या.

३. निकालपत्रक लागले. त्यात दोनशे बारा नावे क्रमाने असून अर्जदार खाली ‘गैरहजर’ या सदरात आहे. सासूबाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले आणि विचारले, “मग त्या दिवशी सकाळी तू गेली होतीस तरी कुठे?” अर्जदारास घरात हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारला नव्हता.

४. अर्जदाराच्या पहिल्या अर्जावर आपण कळविले की, साडेनऊला रस्ता वाहतुकीस खुला झाल्यावर रस्त्यावर असलेली व्यक्ती स्पर्धक नसून पादचारी होय. याबाबत नम्रपणे, पण स्पष्टच सांगणे भाग आहे की, रस्ता खुला होणे व शर्यत बंद होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशपत्रिकेत पहिली छापली आहे, दुसरी नाही. शिवाय रेघेपासून चाळीस पावलांवर वाहतूक हवालदाराने अर्जदारास अडवून लेखी समज दिली. कारण : ‘भर रस्त्यात धावणे’. वेळ : नऊ एकोणचाळीस. कागद लिहून होईपर्यंत अर्जदार जागच्या जागी धावत राहिली, म्हणून हवालदाराने खाली शेरा मारला, ‘सांगूनही थांबली नाही’. एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर, एक खाते अर्जदारास धावल्याबद्दल समज देते आणि दुसरे खाते ती चालत होती म्हणते. दोन्ही खात्यांनी आपसात बसून काय ते ठरवावे. अर्जदाराचे पाय काय करीत होते हे अर्जदारास पक्के ठाऊक आहे.

५. अर्जदार सव्वीस वर्षे हजेरी लिहीत आहे. उशिरा येणाऱ्या कामगारापुढे ती लाल शाईने ‘उशिरा’ लिहिते. तो आला, घामाने डबडबून समोर उभा राहिला, तर त्याला ‘गैरहजर’ लिहिण्याचा अधिकार मालकालासुद्धा नाही. असे लिहिण्यास तिला एकदा सांगण्यात आले होते. तेव्हाही तिने लिहिले नाही.

६. सध्या शेवटच्या म्हणजे दोनशे बाराव्या क्रमांकावर असलेल्या दंतवैद्यांना अर्जदार दवाखान्यात जाऊन भेटली. ‘शेवटचा’ हा मान अर्जदाराकडे वर्ग करण्यास त्यांनी रुग्णाला तोंड उघडे ठेवायला सांगून तत्काळ ना हरकत पत्र दिले. पत्रात ‘आनंदाने’ हा शब्द दोनदा आहे.

७. अर्जदारास पदक नको, प्रशस्तिपत्र नको, आणि सहानुभूती तर मुळीच नको. ज्या क्रमांकावर दुसरा कोणीही हक्क सांगत नाही तो तिने एकवीस किलोमीटर धावून कमावला आहे आणि ती तो सोडणार नाही. तरी ‘गैरहजर’ खोडून तेथे ‘दोनशे तेरावी, शेवटची’ असे लिहावे. लाल शाईने लिहिल्यास हरकत नाही. पुढील वर्षीही अर्जदार धावणार आहे. आपण टेबल लवकर उचलणार असाल तर ती स्वतःचे टेबल आणील.

८. हा अर्ज अर्जदार घरून आपल्या कार्यालयापर्यंत धावत आणून देत आहे. वाटेत तिला कोणी पादचारी म्हटलेले नाही. पोच देताना कृपया वेळ घालावी.

आपली नम्र आणि हजर,

(सही)
छातीवरील क्रमांक ३१७

दिनांक : शर्यतीनंतरचा एकविसावा दिवस

सोबत :
हवालदाराचे समजपत्र, मूळ प्रत (पाहून परत करावी, घरी भिंतीवर लावायची आहे).
दंतवैद्यांचे ना हरकत पत्र.
मांडववाल्याचा जबाब, खुर्च्यांच्या पावतीमागे लिहिलेला : “बाई आल्या होत्या. मी बघितलं.”