तळमजल्यावरची खोली

अधारताल, जबलपूर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय वैभवी,
अनेक आशीर्वाद.

तू अमरावतीला सुखरूप असशील, मनगटाचं दुखणं थांबलं असेल, असं धरून लिहायला बसले. आमच्याकडे सगळं ठीक. उल्हासरावांचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरून राहिला आहे, तरी बागेतलं खुरपं काही सुटत नाही. मागच्या आठवड्यात राइट टाउनात तुझ्या जुन्या घरमालकीणबाई भेटल्या. "मैडम, हमारी बिटिया कैसी है?" म्हणाल्या. मी "अच्छी है" म्हणून मोकळी झाले. मला कुठे माहीत होतं! तू माझा फोन घेत नाहीस. न घेण्याचा तुला हक्क आहे.

आपल्या इमारतीतली लिफ्ट सुरू झाली. चांगली मोठी आहे, तुझी चाकांची खुर्ची आत सहज वळेल एवढी. फीत कापताना कुलगुरूंनी समान संधी कक्षाचं तोंडभर कौतुक केलं, म्हणजे कक्षप्रमुख म्हणून माझं. टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले आणि घरी येऊन न जेवता पडून राहिले.

मुद्द्याचं लिहायचं टाळून राहिले, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या मूल्यांकनाला बाहेरची टीम येते आहे. कुलसचिव चंद्रशेखर साहेबांनी मला बोलावून घेतलं. "अर्चना जी, वैभवी मैडम को एक दिन के लिए बुला लीजिए. लिफ्ट में उनकी एक फोटो हो जाए. आपकी बात वो नहीं टालेंगी."

माझी गोष्ट तू कधी टाळली नाहीस, हे खरं आहे. तेच तर झालं.

तू रुजू झालीस तो पहिला आठवडा आठवतो? माझ्या ऑफिसात आलीस आणि म्हणालीस, "मॅडम, समाजशास्त्राचा वर्ग दुसऱ्या मजल्यावरच काहून पाहिजे? ग्रंथालयाच्या बाजूची खोली रिकामी पडून आहे. तिथं द्या ना मला." साधं मागणं होतं. मी तुला समजावत बसले, की आज तू खाली बसलीस तर लिफ्टचा विषय कायमचा बंद होईल. वर जाणं हा तुझा हक्क आहे. थोडी कळ काढ. तू "बरं" म्हणालीस. तू नवीन, नोकरी अजून पक्की नाही, समोर मी. दुसरं काय म्हणणार होतीस?

मग रोज दोन शिपाई तुला खुर्चीसकट उचलून वर नेऊ लागले. ओढणी मुठीत धरून तू समोर बघत बसायचीस. जिन्यातली मुलं भिंतीला चिकटून वाट द्यायची. कोणी हसायचं नाही, बोलायचंही नाही. मी प्रत्येक बैठकीत तुला सोबत न्यायचे आणि सगळ्यांदेखत सांगायचे, "बघा, आमच्या वैभवीला रोज असं उचलून न्यावं लागतं." एकदा परतताना तू गाडीत म्हणाली होतीस, "मॅडम, मी इथं शिकवायला आली आहे." मी म्हटलं, "अगं, त्यासाठीच तर चाललंय सगळं." मला वाटलं, पटलं.

मार्चमध्ये जिन्यात त्या दोघांतल्या बंटी शिपायाचा पाय सरकला, खुर्ची कलली आणि तुझं मनगट कठड्यावर आपटलं. दवाखान्यात मी पोचले तेव्हा प्लास्टर ओलंच होतं. तुझ्या कपाळावरून हात फिरवत मी काय बोलले, ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. उल्हासरावांनाही नाही. मी म्हणाले, "आता बघच तू! आता लिफ्टला कोणी नाही म्हणू शकत नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. "मॅडम, तुम्हाला आनंद झाला."

"वेडी आहेस का," म्हणाले मी. तू तोंड भिंतीकडे केलंस. मे महिन्यात तुझा राजीनामा आला.

तेव्हापासून मी मनातल्या मनात तुला नाही म्हणते आहे. दुःख झालं होतं, राग आला होता, असं सगळं सांगते. पण आनंद झाला होता, वैभवी. क्षणभर का होईना, झाला होता.

जुलैत मंडल्याहून अश्लेषा नावाची मुलगी एम.ए.ला आली. पायात कॅलिपर, काखेत कुबडी. लिफ्टचं काम तेव्हा अर्धंच झालं होतं. मी सवयीने कामाची प्रगती सांगायला लागले, आणि तिचा चेहरा बघून थांबले. विचारलं, "तुझे क्या चाहिए, बेटा?" ती म्हणाली, "बस नीचे बैठना है, मैडम." मी वेळापत्रकाच्या बाबूंना फोन लावला. त्यांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तिचा वर्ग ग्रंथालयाच्या बाजूच्या खोलीत.

मी दारात उभी राहून बघितलं. मोडके बाक काढून झाडून घेतलं होतं. पोरं आली, बसली, तास सुरू झाला. आणि लिफ्टचं काम एक दिवससुद्धा थांबलं नाही. दोन्ही झालं असतं गं. तुझ्या वेळीही दोन्ही झालं असतं.

काल चंद्रशेखर साहेबांना सांगून आले, की वैभवी फोटोसाठी येणार नाही आणि मी तिला विचारणारही नाही. टीमने विचारलंच, तर लिफ्ट एका शिक्षिकेचा हात मोडल्यावर झाली असं सांगेन. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "अगले साल कक्ष किसको देना है, देखना पड़ेगा." देखिए, म्हटलं. पद आपणच सोडावं असंही मनात आलं होतं. पण त्याने बरं वाटलं असतं ते मलाच. अश्लेषाचं अजून एक वर्ष आहे.

तेव्हा हे पत्र तुला बोलवायला नाही. माफ कर असंही लिहीत नाही. तसं लिहिलं, की ते करायचं ओझं परत तुझ्याच डोक्यावर. तिकडच्या कॉलेजात मुलं तुझं ऐकतात का, तेवढं जाणून घ्यावंसं वाटतं. नाही कळवलंस तरी चालेल.

तुझ्यासाठी भांडलेली, पण तुला न विचारता भांडलेली,
अर्चना