लाल दोऱ्याच्या लोंब्या

कर्जत, दसरा, १९४६

आज फार थकले. भाताच्या दोन जातींचा संकर जमवण्यात किती पावसाळे गेले, आता मोजतही नाही. चिमट्याने फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग झटकायचे, वर कागदी पिशवी. त्यातून मिळालेल्या मोजक्या रोपांच्या लोंब्यांना मी लाल दोरा बांधला होता. कापणीत चुकून कोणी हात लावू नये म्हणून. बी तेवढंच होतं.

संध्याकाळी खोपोलीहून परतले, तर त्याच लोंब्या आंब्याच्या पानांबरोबर माझ्या दाराला बांधलेल्या. दाणे चिमण्यांनी केव्हाच टिपलेले. लाल दोरे तेवढे लोंबत होते.

शेतावर कामाला येणारी ठकूबाई पायरीवर बसली होती. म्हणाली, "दसऱ्याचं नवं बांदलं, बाई. तुमी लाल दोरा बांदून देवाला राखलेल्या, त्याच कापल्या. दुसऱ्या लोंबीला हात नाय लावला."

चिडणार होते. पण तो दोरा कशासाठी, हे तिला कोणी सांगितलं होतं? मी? नाही.

देवाकडे काय मागितलंस, एवढंच विचारलं.

"बाईंचं भात पिकू दे, म्हनलं."