चर्चच्या माळ्यावरच्या बाळंतिणी

लिपोव्का,
२२ जुलै

तीर्थरूप झोराताईस,

धाकट्या फ्लोर्यानचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? मारिबोरला यंदा फार उकडतंय असं ऐकतो (म्हणजे पेपरात वाचतो). माझी तब्येत ठणठणीत, मधमाश्या मजेत, आणि परवाच्या जत्रेत ऐन भाषणात मी सरपंचांची वीज घालवली. ही बातमी तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत पोचायच्या आत खरं काय घडलं ते सांगून टाकतो.

जूनमध्ये ल्युब्ल्यानाच्या विद्यापीठातली नेझा नावाची मुलगी माझ्या वरच्या खोलीत राहायला आली. आपल्या चर्चच्या माळ्यावर दर उन्हाळ्यात नव्वदेक वटवाघळं बाळंतपणाला येतात. सगळ्या बायकाच, एकेक अंगठ्याएवढी. तिला त्यांचा अभ्यास करायचा होता. एकतीस वर्षं मी त्या चर्चची घंटा वाजवतोय आणि त्यांच्या लेंड्या झाडतोय, त्यामुळे या विषयातला जाणकार मीच, अशी माझी समजूत. पहिल्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं, की ही जात आंधळी. "दिसतं हो त्यांना, आजोबा," ती म्हणाली, "पण अंधारात त्या कानांवर चालतात. नाकातून ओरडतात, आणि तो आवाज पतंगावर आपटून परत आला की पतंग कुठे आहे, केवढा आहे, कुठे पळतोय, सगळं कळतं त्यांना." मी म्हटलं, एकतीस वर्षांत मला तर एकही ओरडताना ऐकू आली नाही. तर म्हणते, "तुम्हालाच काय, कुणालाच येत नाही. फार वरच्या पट्टीतलं असतं ते." ताई, किती बरं वाटलं म्हणून सांगू! जे मला ऐकू येत नाही ते दुसऱ्या कुणालाही येत नाही, असं कित्येक वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.

आता दिव्याचं. सरपंच त्सिरिलने (तोच, लाकडाच्या वखारीवाला) जत्रेसाठी चर्चच्या दर्शनी भिंतीवर प्रकाश टाकणारा भला मोठा दिवा बसवला आणि बटण दिलं माझ्या ताब्यात. त्याच आठवड्यात नेझाला चार दिवस ल्युब्ल्यानाला जावं लागलं. बसच्या खिडकीतून ती ओरडून म्हणाली, "आजोबा, दिवा लावू नका!" मला ऐकू आलं, "दिवा लावून टाका." (तोंडात पाव होता तिच्या. पाव खात निरोप देऊ नये.) मी नुसता लावला नाही, रोज सूर्य मावळायच्या आत काच पुसून लावला.

जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला ती परतली, माळ्यावर गेली आणि पांढरीफटक होऊन खाली आली. "आजोबा, दिवा लावला होतात?"

"चारही दिवस! एकदासुद्धा चुकलो नाही."

मग तिने सांगितलं ते ऐक. वटवाघळांची बाहेर पडायची फट नेमकी त्याच भिंतीत आहे. उजेडात घुबड टिपेल म्हणून त्या बाहेरच पडत नाहीत, दिवा विझेपर्यंत आत घिरट्या घालत राहतात. आणि चिलटं, पतंग जास्तीत जास्त मिळतात ते दिवस मावळल्यावर तासाभरातच. आया उपाशी, म्हणून दूध नाही. तिने तळहात उघडला. जर्दाळूच्या बीएवढी दोन पिल्लं, गार झालेली.

मी तडक त्सिरिलकडे गेलो आणि म्हटलं, वटवाघळांसाठी दिवा विझव. तो तेव्हा ध्वनिक्षेपकासमोर उभा होता, त्यामुळे त्याचं उत्तर मला (आणि पलीकडच्या दोन गावांना) स्वच्छ ऐकू आलं : "फ्लोर्यान, पाहुणे आलेत! उंदरांसाठी काय अंधार करू?" मी घंटेच्या मनोऱ्यात गेलो आणि मुख्य फ्यूजच उपटला. दिवा गेला, ध्वनिक्षेपक गेला, सॉसेजवाल्याचा बल्बही गेला. भाषण अकरा पानांचं होतं, तिसरं चालू होतं. अंधारात पहिली टाळी फादर लिओपोल्डची पडली असं लोक म्हणतात. फादर नाकारतात.

मग नेझाने माझ्या कानांवर तिच्या यंत्राचे हेडफोन चढवले. ते यंत्र वटवाघळांचं ओरडणं माणसाच्या पट्टीत उतरवतं. आधी काहीच नाही. मग पाण्याखालून कुणी शीळ घालावी तसा एक आवाज. मग दुसरा. मग इतके, की मोजणं सुटलं. उघड्या मैदानावरून कुणी जाईना, कुंपणाच्या कडेकडेने सगळ्या लिंडेनच्या झाडांकडे चालल्या होत्या. तिथे एकीचा आवाज दाट होत होत एकदम टर्रर्र, फडकं फाटल्यासारखा, आणि शांत. "पकडला," नेझाचे ओठ हलले. मी चर्चच्या पायरीवर बसून रडलो. सॉसेजचा धूर गेला डोळ्यांत, असं सांगितलं.

दुसऱ्या संध्याकाळी त्सिरिल भांडायला आला. नेझाने हेडफोन त्याच्याही कानांवर चढवले. पंधरा मिनिटं तो हलला नाही. मग म्हणाला, "थांबा, बायकोला घेऊन येतो." पिल्लं उडायला लागेपर्यंत दिवा बंद, असं आता ठरलंय.

तुझाच,
फ्लोर्यान

ता. क. मला कमी ऐकू येतं असं गावात कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नकोस. लोक हल्ली पुटपुटतात.

ता. क. २. भाऊजींच्या पश्चात त्यांचं कानाचं यंत्र तू मला देऊ केलं होतंस आणि मी नको ते बोललो होतो. ते अजून असेल तर पाठव. पाकिटावर 'भोपळ्याच्या बिया' असं लिही, पोस्टातली फानी फार चौकस आहे.

ता. क. ३. ईस्टरला तू फोनवर बराच वेळ बोललीस, आणि मी "वा वा, फार छान झालं!" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर तुझा फोन नाही. ताई, तू काय सांगत होतीस?