कौसाच्या टाचेवरचा डाग

९ ऑक्टो. ७१, शनि.
मंगळवारची नोंद दुरुस्त करते. 'कौसाच्या टाचेवरचा डाग बिब्ब्याचा, कातडी झडली की जाईल' असं लिहिलं होतं. चूक. आज तिची सासू स्वतःच्या खोकल्यासाठी दवाखान्यात आली, तेव्हा सहज विषय निघाला. "काळं दिसलं म्हनून तर बिब्बा लावला, डॉक्टरीनबाई. काटा मोडला आसंल, वाटलं."
म्हणजे डाग आधी, बिब्बा नंतर. मी विचारलंच नव्हतं. सोमवारी सुनेला पाठवा म्हटलं.

११ ऑक्टो., सोम.
दोघी आल्या. पात्याने वरची मेलेली कातडी हलकेच खरवडली. बिब्ब्याचा काळेपणा पापुद्र्यांबरोबर निघाला. खाली काळं उरलंच. नगरच्या सरांनी शिकवलं तसं तेलाचा थेंब, वर काच, मग भिंग. कातडीची चकाकी जाते, आतला रंग दिसतो. एका कडेला तपकिरी-काळ्या रेघा, कमीजास्त जाड, तळव्याकडे विरत गेलेल्या. दुसऱ्या पायावरचा तीळ पाहिला, तो सगळीकडे सारखा. हा तसा नाही.
तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवावा लागेल, म्हटलं. वाईट रोग असू शकतो, हेही सांगितलं. लपवणं बरं नाही. पण भाऊबीज झाली की यांची टोळी ऊसतोडीला निघणार.
कौसा हसत म्हणाली, "टाच कापल्यावर मोळ्या कोन वाहील? तुमी येता का टोळीत?"
सासू हसली नाही. कापलं की पसरतं म्हणतात, म्हणाली. तसं नसतं, असं मी सांगितलं, पण एकदा सरांना विचारून येते, म्हटलं.

१३ ऑक्टो., बुध.
सकाळच्या एस.टी.ने नगर. सरांना डागाचं चित्र काढून दाखवलं. उन्हाळ्यात टोळी परतल्यावर पुन्हा पाहिलं तर चालेल का, विचारलं. भिंगातून रोगाचं नाव कळत नाही, तुकडा घ्यायचा की नाही एवढंच ठरतं, म्हणाले. मग, "तुला काय वाटलं?"
"काढावा."
"मग इथवर कशाला आलीस?"
खरंय. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. कुणाला तरी विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही.
परत येताना तिसगावला उतरून तशीच कौसाच्या वस्तीवर गेले. कौसा कोयत्याला धार लावत होती. सगळं पुन्हा सांगितलं. ती धार लावत राहिली. निघाले तेव्हा सासू मागून म्हणाली, "उपाशी आनायची का जेवून?"
जेवून, म्हटलं.
शुक्रवारी, १५ ऑक्टोबरला, सकाळी तुकडा काढायचा.